हिरव्या अक्षरांची शिकवणी

औषधांच्या त्या कंपनीत टायपिस्ट तिघी होत्या, पण साहेबांनी नुसतं "टायपिंगला द्या" म्हटलं की कागद मावशीच्याच टेबलावर यायचा. तिच्या हाताखालून उतरलेल्या पानात चूक शोधणं म्हणजे निवडलेल्या तांदळात खडा शोधणं. तिचं मशीन सुरू झालं की भिंतीपलीकडचा हिशेबनीस आकडेमोड थांबवून स्वस्थ बसायचा. "मावशींची आगगाडी जाऊ दे," म्हणायचा, "मग बेरीज करतो."

मावशी ही खरं तर एकाच मुलीची. थोरली बहीण बाळंतपणातून उठली नाही, मेहुण्याने वर्षभरात दुसरा संसार मांडला, आणि मागे राहिलेलं ते एवढंसं गाठोडं मावशीने पदरात घेतलं. त्यापायी तिचं लग्न राहिलं असं लोक म्हणत. ती म्हणायची, "राहिलं कसलं, मीच चुकवलं." पोरगी शाळा सुटली की टायपिंगच्या खोलीत येऊन बसायची आणि घटकेघटकेला "मावशी, भूक", "मावशी, बघ ना" चालायचं. ऐकून ऐकून शिपाई तिला मावशी म्हणू लागला, मग गोदामवाले दादा, आणि शेवटी साहेबसुद्धा. पोरीला मावशी ठकी म्हणायची. नावाला शोभेल असं तिच्यात काही नव्हतं. तिला कुणीही ठकवावं इतकी ती भोळी होती, आणि मावशीने सांगितलेला शब्द तर तिला देवाच्या शब्दासारखा.

टायपिंगही मावशीनेच शिकवलं. ठकीच्या हातांवर टॉवेल टाकायची, म्हणजे बोटांकडे बघायची सोय नाही. ठकी चिडायची, रडायची, पण शिकली. घंटी वाजली की डाव्या हाताने दांडा ढकलायचा, गाडी मागे न्यायची, नवी ओळ. मावशी म्हणायची, "हात विचार करत नाही ना, तेव्हा काम येतं." पुढे साहेबांना सांगून तिने ठकीला त्याच खोलीत चिकटवलं. दोघींची टेबलं समोरासमोर होती. सकाळी देवापुढे हात जोडताना मावशीचं मागणं एवढंच असायचं: मी आहे तोवर ही खोली अशीच राहू दे.

मग ते यंत्र आलं. दोघा हमालांनी धापा टाकत वर आणलं. मातकट रंगाचं खोकं, पुढे पडदा, पडद्याला जोडूनच बटणांची पाटी. गोदामवाले दादा म्हणाले, "चला, आता पिक्चर लावा." साहेबांनी समजावून सांगितलं की याला टर्मिनल म्हणतात. खरं डोकं दूरच्या शहरात, हेड ऑफिसात आहे. हे नुसतं दाखवणार आणि टेलिफोनच्या तारेतून तिकडे पाठवणार. दुकानांच्या, इस्पितळांच्या ऑर्डरी आता यावर जायच्या.

"म्हणजे डोकं तिकडे आणि तोंड इकडे," मावशी म्हणाली. "असे आपल्याकडे आधीच बरेच आहेत." खोली हसली. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी हेड ऑफिसात शिकायला ठकीचं नाव दिलं.

ठकी परत आली ती एक पातळ पुस्तिका घेऊन. यंत्राची सगळी कुंडली त्यात होती. जेवायला बसली की ती पाढे म्हटल्यासारखी म्हणायची. "पडदा बारा इंची. ओळी चोवीस. एकेका ओळीत ऐंशी अक्षरं. म्हणजे एका वेळी एकोणीसशे वीस अक्षरं मावतात, मावशी!"

"आणि एकोणीसशे एकविसावं?"

"त्याला जागा नाही. वरची ओळ गेली की मग खालची आत येते."

"भाड्याचं घर आहे म्हण."

"अगं, ऐक ना. अक्षरं काळ्यावर हिरवी. एकेक अक्षर ठिपक्यांनी भरलेलं, पाच आडवे, सात उभे. आणि सगळी कॅपिटल. लहान अक्षरं त्याला येतच नाहीत."

"घरात सगळेच मोठे? मग कामं कोण करतं?"

ठकीला हसता हसता ठसका लागायचा. पण तारेतून सेकंदाला एकशेवीस अक्षरं जातात हे तिने सांगितलं, तेव्हा मावशी हसली नाही. तिच्या बोटांची ख्याती सगळ्या इमारतीत होती, आणि ती काही सेकंदाला एकशेवीस नव्हती. ठकी आपल्याच नादात. "आणि मावशी, त्या उजवीकडच्या मोठ्या बटणाचं एक सांगायचंय तुला, ते फार महत्त्वाचं..."

"जेवताना यंत्र नको, ठकी. अन्नाकडे बघ."

ठकी गप्प झाली आणि अन्नाकडे बघू लागली.

मग साहेबांनी फर्मान काढलं. टाइपरायटर मोडीत जाणार. तिघींनी टर्मिनल शिकायचं, ठकी शिकवेल. जमणार नाही तिने खाली गोदामात पार्सलांवर पत्ते चिकटवायचे. बाकीच्या दोघींनी त्याच दिवशी खुर्च्या ओढल्या. मावशीने ओढली नाही. ठकीने दोनदा हाक मारली. "मावशी, ये ना, थोडा वेळच लागेल." मावशी हातातला कागद खाली न ठेवता म्हणाली, "होऊ दे त्यांचं." त्यावर दुसरी टायपिस्ट, जिची जीभ बोटांहून चपळ होती, ती म्हणाली, "लाजताय काय मावशी? गुरूची विद्या गुरूला फळली, आणखी काय!"

सगळ्या हसल्या. ठकीसुद्धा, सगळ्या हसल्या म्हणून. मावशीच्या मनात ते रुतून बसलं. जिच्या शेंबडाला मी पदर लावला, तिच्यासमोर मी पाटी घेऊन बसू? शिकेन, पण माझी मी शिकेन. एक दिवस ही वळून बघेल आणि मी टकाटक ऑर्डर घालत असेन. तोंडात बोट घालेल पोरगी! या विचाराने तिला आतून हसूही यायचं. म्हणजे त्यात नुसता ताठा नव्हता. ठकीचा आनंदाने मोठा होणारा चेहराही त्यात होता. पण ताठा आणि माया एका भांड्यात शिजायला लागली की चव कशाची येते ते खाल्ल्यावरच कळतं.

दुपारी सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले. ठकी जाताना यंत्र बंद करत नसे. आपल्या नंबराने उघडलेला ऑर्डरचा फॉर्म पडद्यावर तसाच ठेवून जायची. मावशी एकटी असली तर हात लावून बघेल, अशी तिची भाबडी योजना होती. आणि मावशी खरंच बसली. एक ओळ लिहून झाली तशी तिच्या डाव्या हाताने सवयीने दांडा ढकलला. दांडा तिथे नव्हता. हात हवेतून गेला आणि पाण्याचा पेला आडवा झाला. दारातला शिपाई फिस्सकन हसला. "मावशी, याला दांडा नाही. ते उजवीकडचं मोठं बटण बघा, तेच परतीचं. बसवायला आलेला माणूस तेच दाबत होता सारखा."

मावशीने मोठं बटण दाबलं. तिची ओळ नाहीशी झाली, आणि पडद्यावरचं हिरवं चौकोनी टिंब शहाण्या पोरासारखं पुढच्या ओळीसाठी सुरुवातीला जाऊन उभं राहिलं. हात्तिच्या, एवढंच? लिहिलेली ओळ वर गेली असणार, रुळावरून कागद जातो तशी. वर घातलेला गिऱ्हाइकाचा नंबर तेवढा जागच्या जागी होता. म्हणजे पान तेच.

तिने ट्रेमधली सगळ्यात मोठी ऑर्डर काढली. लहान मुलांच्या इस्पितळाची होती, तीन पानी. देवाचं नाव घेतलं, वर इस्पितळाचा नंबर घातला आणि सुरू केलं. औषध, संख्या, मोठं बटण. औषध, संख्या, मोठं बटण. घंटी वाजत नव्हती, पण तिच्या कानात वाजत होती. कित्येक दिवसांनी तिची आगगाडी भरधाव सुटली. गच्चीवरून लोक उतरायच्या आत ऑर्डर संपली. कागदावर तिने बरोबरची खूण केली आणि मागच्या ट्रेमध्ये ठेवून दिली. ठकीला लगेच सांगायचं नाही. तिला आपोआप सापडू दे.

मोठं बटण नव्या ओळीचं नव्हतं. ते पाठवण्याचं होतं. पडदा भरेपर्यंत यंत्र सगळं आपल्यापाशीच ठेवतं, एका रकान्यातून दुसऱ्यात जायला वेगळं लहान बटण असतं, आणि सगळं भरून, वाचून झालं की मगच मोठं बटण दाबायचं. शिकवणीतला हा पहिला धडा. जन्मभर ओळीच्या शेवटी गाडी मागे नेलेल्या हाताला तो कोण सांगणार? मावशीच्या हातून तीन पानांची एक ऑर्डर गेलीच नाही. एकेका औषधाच्या सुट्या ऑर्डरी गेल्या, इस्पितळाचा नंबर लावून, ओळीने. आणि हेड ऑफिसचा नियम असा की एकाच औषधाची ऑर्डर किरकोळ समजायची, तिला रोजची गाडी नाही. ती आठवड्याच्या गाडीने जाणार.

तीन दिवसांनी इस्पितळाचा औषधवाला स्वतः येऊन उभा राहिला. भला माणूस होता, पण त्या दिवशी त्याचा आवाज खालच्या गोदामापर्यंत गेला. "पोरांच्या कपाटात औषध नाही माझ्या! शेजारच्या इस्पितळातून उसनं आणून भागवतोय. तुमचं नवं खेळणं झालं, आमचं काय?"

साहेबांनी हेड ऑफिसला फोन लावला. तिकडून ऑर्डर घालणाऱ्याचा नंबर सांगितला गेला. नंबर ठकीचा. खोलीत सगळे उभे होते. ठकीचं तोंड पांढरंफटक पडलं. "सर, ही ऑर्डर मी नाही... मला आठवत नाही..."

"मी घातली," मावशी म्हणाली.

इथवर ती मावशीच होती. साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही? मावशी, तुमच्या हातून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं, आणि तेच तिला सोसलं नाही. चपळ जिभेची टायपिस्ट ओठ मुडपून उभी होती. शिपाई जमिनीकडे बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मावशीच्या कामाकडे सगळे कीव करून बघत होते.

"मग काय करणार?" ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही. शिकवणारीने सांगायला नको?"

शब्द तोंडातून गेले. ते माघारी आणायला त्या यंत्रालाही बटण नव्हतं.

ठकीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे मावशी पुढे किती वर्षं उलगडत बसली. मग ठकी साहेबांकडे वळली. "खरं आहे, सर. मावशीला शिकवायचं माझ्याकडून राहिलं."

बाकीच्या शाखांवर शिकवायला ठकीलाच पाठवायचं साहेबांच्या मनात होतं. ते तिथल्या तिथे बारगळलं. "आधी घरचं शिकव," ते म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी ठकीने भांडी घासली, कपडे घड्या करून ठेवले, उद्याची भाजी निवडली. एक शब्द नाही. मावशी वाट बघत होती की आता ही भडकेल, आता म्हणेल, तू खोटं का बोललीस? मग मावशी आधी रागावणार होती, मग रडणार होती, मग तिला जवळ घेणार होती. सगळं मनाशी ठरलेलं होतं, फक्त पहिला शब्द ठकीने बोलायचा होता. ठकी बोलली नाही. आपणच आधी बोलावं असं मावशीलाही वाटलं, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. महिन्याभरात ठकीने हेड ऑफिसला बदली मागून घेतली. निघताना वाकून पाया पडली. "शिकून येते, मावशी," म्हणाली. मावशीने ऐकलं ते असं: तुझ्याकडे राहायचं नाही मला.

दोष द्यायला आता समोर कुणी उरलं नाही. पुढे चपळ जिभेच्या त्या टायपिस्टनेच मावशीला टर्मिनल शिकवलं. जीभ तिखट, पण बाई मनाची वाईट नव्हती. आठवडाभरात मावशीचा हात बसला. एवढंच होतं ते सगळं, एका आठवड्याचं. समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघताना मावशीला रोज वाटायचं, हा आठवडा मी ठकीजवळ बसले असते तर माझं काय झिजलं असतं?

ठकीची पत्रं यायची. तब्येत सांभाळ, गुडघ्याला तेल लाव, मी बरी आहे. मावशी ती उलटसुलट वाचायची आणि त्यात राग शोधायची. राग न दिसला तर म्हणायची, लपवलाय. ठकीचं लग्न झालं, हेड ऑफिसातल्याच मुलाशी. मावशी गेली आणि पाहुण्यासारखी भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. ठकी "पुढे ये ना" म्हणाली, ही म्हणाली, "बरी आहे इथे." रोज सकाळी देवाकडे मागणं मात्र बदललं होतं: हिच्या मनातला राग तेवढा जाऊ दे. देव ऐकत नाही असं तिला वाटायचं. जो राग नव्हताच, तो देव तरी कसा घालवणार?

हे तिला कळलं ते नोकरीतून मोकळी झाल्यावर. ठकीने हट्टाने बोलावून नेलं आणि एके सकाळी म्हणाली, "चल, माझं काम दाखवते." ठकी आता शिकवणाऱ्यांतली मुख्य झाली होती. गावोगावच्या कचेऱ्यांतून टायपिस्ट यायच्या, कारकून यायचे, बहुतेक पिकल्या केसांचे. मावशी मागच्या बाकावर टेकली. समोर टर्मिनलांची रांग होती, आणि प्रत्येकाचं उजवीकडचं मोठं बटण पुठ्ठ्याच्या टोपीने झाकलेलं होतं.

"टोपी आज काढायची नाही," ठकी वर्गाला सांगत होती. "तुमच्यापैकी ज्यांची बोटं टाइपरायटरवर मुरलीत, त्यांचा हात ओळ संपली की दांडा शोधत आपोआप तिकडे जाणार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट हात चांगला आहे त्याचाच जातो." मग ती हसून म्हणाली, "आमच्या ऑफिसात एक फार मोठी टायपिस्ट होती. तिचा हात असाच गेला आणि मोठा घोटाळा झाला. चूक तिची नव्हती, शिकवणारीची होती. शिकवणारी होते मी! किती ओळी आणि किती ठिपके, ते मी तिला रोज जेवताना ऐकवत बसले, आणि सांगायची ती एक गोष्ट सांगितली नाही. तेव्हापासून पहिल्या दिवशी ही टोपी."

वर्ग हसला. कुणीतरी टोपीला टिचकी मारली.

राग नव्हता. एक दिवसही नव्हता. पोरीने तो शब्द खरा मानला होता. मावशी बोलली म्हणजे खरंच असणार, कामाच्या बाबतीत मावशी चुकत नाही. त्या संध्याकाळी भांडी घासताना ती गप्प होती ती शरमेने. बदली मागितली ती शिकवायचं कसं ते शिकायला. आणि मावशी इतकी वर्षं त्या गप्प राहण्याचा उलटा अर्थ लावून भिंतीकडेच्या खुर्चीत बसली होती.

सुट्टीत दोघी व्हरांड्यात चहा घेत उभ्या होत्या. मावशीने कप खाली ठेवला. "ठकी, ते तू सांगितलंस ते खरं नाही."

"काय?"

"तू मला सांगायला आली होतीस. त्या मोठ्या बटणाचं. जेवताना. मीच तुला गप्प केलं. ऑफिसातही दोनदा बोलावलंस, मी आले नाही. मी साहेबांपुढे खोटं बोलले, बाळा. मला लाज वाटली म्हणून तुझ्यावर ढकललं."

ठकीचा चेहरा तसाच उजळला, पूर्वी ठसका लागायचा तेव्हा उजळायचा तसा. "झालं का सुरू तुझं!"

"अगं, खरंच सांगतेय."

"मला नाही आठवत असं काही. आणि मी एकदा-दोनदा म्हटलं असेन, तर तेवढ्याने होतं का? बसवून शिकवायला हवं होतं." तिने मावशीचा हात हातात घेतला. "वर्गात बोलले ते तुझ्या मनाला लागलं ना? म्हणून माझा दोष आता स्वतःवर घेतेस. लहानपणी मी पडले की फरशीला मारायचीस, तसं."

"ठकी, देवाशप्पथ..."

"देवाला कशाला मधे घालतेस, मावशी? चहा पी, गार होतोय."

त्या दिवशी खोलीत मावशी हेच बोलली असती, तर एका वाक्यात काम झालं असतं. आता ते खरं वाक्य तिच्याच मायेसारखं दिसत होतं, आणि मायेवर ठकीचा एवढा विश्वास होता की खरेपणाला तिथे जागा नव्हती. "ठकी, ऐक..." ती पुन्हा म्हणाली, पण आत घंटा झाली होती आणि ठकी तिला कोपराला धरून वर्गाकडे नेत होती.

या वेळी ठकीने तिला मागे बसू दिलं नाही. वर्गापुढे उभं केलं. "मघाशी ज्यांचं सांगितलं ना, त्या ह्या. माझी मावशी. माझ्या हातात जे काही आहे ते हिने दिलेलं आहे."

पिकल्या केसांच्या सगळ्या टायपिस्ट खुर्च्या मागे सारून उठून उभ्या राहिल्या. मावशीने हात जोडले. मान वर करून ठकीकडे बघणं तिला झालं नाही. ठकीला वाटलं, मावशी लाजली. म्हणून तिने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढचा धडा सुरू केला.